नंदूचा पतंग कोण सोडणार?

नंदू परब जळायचा, आणि जळतो हे सांगायचा. माझ्या ओळखीत जळणारे पुष्कळ आहेत, मी धरून. सांगणारा हा एकच.

कोणाच्या पायात नवे बूट दिसले, कोणाच्या डब्यात सोडे घातलेली वांगी दिसली, पन्नाशीतही कोणाचे केस जागच्या जागी दिसले, की हा छातीवर हात ठेवून म्हणायचा, "जळलो रे, जळलो!" ज्याच्यावर जळला त्याच्या तोंडावर, लगेच. मग मोकळा व्हायचा आणि त्याच डब्यातलं वांगं मागून खायचा. समुद्रावर घिरट्या घालणाऱ्या घारीवरसुद्धा त्याचा राग होता. "बघ, पंख हलवत नाही. पट्टा नाही, दोरी नाही, कोणाला विचारायला लागत नाही. जळलो!"

एकदा मी त्याला विचारलं, की हे सगळं बोलून कशाला दाखवायचं? मनात ठेवावं ना.

"आत ठेवलं की सडतं ग," तो म्हणाला. "बाहेर वाळत घालायचं. मावशीच्या बोंबलासारखं. दोन दिवस वास मारतो, मग सुकतो."

बोंबील समोरच होते म्हणून त्याला ते सुचलं. कफ परेडच्या मच्छीमार नगरात होड्या लागतात, त्यांच्या पलीकडे ओहोटीला वाळूची एक पट्टी उघडी पडते. तिच्या कडेला बांबू रोवून, दोऱ्या बांधून पार्वतीमावशी बोंबील वाळत घालतात. रविवारी दुपारी त्या पट्टीवर आम्ही चार-पाच जण काइटसर्फिंग करायचो. पायाखाली छोटी फळी, कमरेला पट्टा, आणि वर वाऱ्यावर ताणलेला, खोलीभर रुंद कापडी पतंग. तो माणसाला पाण्यावरून ओढत नेतो. आम्ही सगळे त्याला काइट म्हणायचो. नंदू पतंगच म्हणायचा. "करी रोडला चाळीच्या गच्चीवर उडवला तो पतंग, आणि इथे उडवला की काइट? अंगाने वाढला म्हणून काय नाव बदलतं?"

मी दादरला राहते, एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते आणि जाईन तिथे याद्या करते. शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर माझी यादी पडायची: ओहोटी कधी, पंप कोणाकडे, पिण्याचं पाणी कोण आणणार, प्रथमोपचाराची पेटी कोणाच्या गाडीत. चाळिशी ओलांडल्यावर मी हा खेळ शिकले, तो नंदूकडून. त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही. 'सेक्रेटरी' म्हणायचा. माझ्याबद्दल एवढं पुरे.

नंदूचे वडील गिरणीत होते. चाळ गेली, टॉवर आला, आणि नंदू त्याच जागेवर पण आभाळाच्या बाजूला राहायला गेला. नोकरी लिफ्टच्या कंपनीत. कुठल्याही इमारतीत लिफ्टमध्ये शिरला की आधी कान देऊन आवाज ऐकायचा, आणि मजला आला की बाहेर पडताना लिफ्टच्या भिंतीवर दोन थापट्या मारायचा, बैलाच्या पाठीवर मारतात तशा. कंपनीने त्याला काही वर्षं आखातात पाठवलं होतं. तिथे शुक्रवारच्या सुट्टीत साइटवरच्या एका फिलिपिनो सोबत्याकडून तो हे शिकला. परतताना बरोबरच्यांनी टीव्ही आणले, याने जुना पतंग आणला. वैशालीने, म्हणजे त्याच्या बायकोने, बॅग उघडली तेव्हा तिला वाटलं तंबू आहे. "लावायचा कुठे?" तिने विचारलं. त्याचं उत्तर देण्यासाठी नंदू तिला समुद्रावर घेऊन गेला, आणि तेव्हापासून ती दर रविवारी येत होती.

रविवारी सकाळी पट्टीवर आल्या आल्या नंदूचं पहिलं काम म्हणजे देवगडच्या चुलतभावाला फोन. "बाबल्या, वारो आसा काय रे थंय?" पलीकडून उत्तर आलं की फोन कानापासून दूर धरून आम्हाला सांगायचा, "आसा! मेल्याकडे आसा! आणि त्याला त्याचा काय उपयोग? कौलं उडतात म्हणून रडतोय." मग छातीवर हात.

आता त्या खेळातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हा पतंग एकट्याने चढत नाही. उडवणारा दोऱ्यांच्या या टोकाला, पट्टा बांधून उभा. लांब त्या टोकाला दुसरं माणूस पतंग कडेने धरून उभं. उडवणाऱ्याने अंगठा दाखवला की त्या माणसाने पतंग सोडायचा. फेकायचा नाही, ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. परत येताना उडवणारा पाण्यातूनच स्वतःच्या डोक्यावर हात थोपटतो. म्हणजे, मी येतोय, माझा पतंग धरा. आणि किनाऱ्यावर कोणीतरी हात वर करून तो धरायचा.

नंदूचा पतंग सोडायची आणि धरायची ती वैशाली. फक्त वैशाली. तिने स्वतः कधी काइट उडवली नाही, पण तिच्यासारखं सोडणारं मी पाहिलं नाही. नंदू अंगठा दाखवायचा आणि ती लगेच सोडायची नाही. एक श्वास थांबायची. वाऱ्याचा झोत येतोय, तो निघून जाऊ दे, आता. आणि हात उघडायची. पतंग सरळ वर जायचा, शिडी चढल्यासारखा. मग ती मान वर करून उभी राहायची, नंदू परत येईपर्यंत. त्याने डोक्यावर हात ठेवला की हातातला चहाचा कप वाळूत खुपसून धावायची.

आमचे पतंग आम्ही एकमेकांचे सोडायचो, जो मोकळा असेल तो. नंदूच्या पतंगाला मात्र दुसऱ्या कोणी हात लावलेला चालायचा नाही. आणि मला तो एकदा तरी धरायचा होता. मी दोऱ्या तपासते, मी वारा बघते, मी वेळेवर येते. मग मला का नाही? एकदा नंदूच्याच पद्धतीने मी सांगून टाकलं. "नंदू, मी वैशालीवर जळते."

तो एकदम खूश. "वा! कशावरून?"

"तुझा पतंग तिलाच धरायला मिळतो म्हणून."

त्याने विचार केल्यासारखं केलं. "जळणं छान आहे तुझं, सेक्रेटरी. पण ते नाही जमणार."

तर असं चाललेलं असताना केदारने पॅडल बोर्ड आणला.

केदार आमच्यातला तरुण. गिरगावात दाताचा दवाखाना, स्वभाव हसरा, नंदूचा लाडका. त्या रविवारी वारा नव्हता. पाणी तेल ओतल्यासारखं सपाट. पार्वतीमावशींच्या ताडपत्रीच्या सावलीत आम्ही सकाळपासून बसलो होतो, पतंग हवा भरून तयार, आणि झेंड्याचं फडकं काठीला चिकटलेलं. केदारने बॅगेतून काहीतरी काढलं आणि पंपाने फुगवायला घेतलं. ते फुगत गेलं, लांब होत गेलं, माणसाहून लांब झालं.

"कोणाच्या घराचा दरवाजा काढलास रे दातवाल्या?" नंदूने विचारलं.

"पॅडल बोर्ड आहे, नंदूभाऊ. वर उभं राहायचं, वल्हं मारायचं, जायचं."

"कुठे?"

"तिकडे. आणि परत."

"ओढणार कोण?"

"कोणीच नाही. आपणच."

"म्हणजे गाडी असताना गाडी ढकलत न्यायची, आणि वर त्याला खेळ म्हणायचं."

"नंदूभाऊ, गाडी आहे कुठे? सकाळपासून बसलोय आपण. काय केलं? मावशींचा चहा प्यायलो आणि त्या फडक्याकडे बघितलं."

"वाट बघणं हा खेळाचाच भाग आहे."

"हो, पण हल्ली तोच भाग जास्त झालाय."

सगळे हसले. मी माझ्या सवयीप्रमाणे मुद्दे काढले. म्हटलं, नंदू, वारा लागत नाही, दोऱ्यांचा गुंता नाही, गुडघ्यांना बरं, आणि शिकायला एक सकाळ पुरते.

"सेक्रेटरी, यातले सगळे मुद्दे खुर्ची टाकून बसण्यालाही लागू आहेत."

"पण काय वाईट आहे ते तरी सांग."

नंदू उठून बसला. या विषयावर त्याचं मत तयार होतं. "एका सकाळी येतं, हेच वाईट आहे. जे एका सकाळी येतं त्याच्यावर माणूस जळणार कसा? केदार हवेत उडी मारून खाली येतो ना, तेव्हा माझ्या इथे," त्याने छाती दाखवली, "इथे चटका बसतो. या दरवाज्यावर कोणी उभा दिसला तर मला काही होत नाही. थंड. खेळ तो, ज्याच्यावर जळता येतं."

"माझा बाप उभा राहून वल्हवायचा," पार्वतीमावशी बोंबील टांगता टांगता म्हणाल्या. "त्याला कोणी खेळ बोललं नाय."

"ऐका! मावशी बोलल्या!"

"तू गप. तुझ्या पतंगाचं तरी काय? जातोस तेव्हा हात रिकामे, येतोस तेव्हा हात रिकामे."

या हसण्यात वैशालीने हळूच विचारलं, "केदार, मी बघू का रे जरा?"

केदारने बोर्ड पाण्यात लावला, वल्हं कसं धरायचं ते दाखवलं. ती आधी गुडघ्यांवर बसली, मग एक पाय, मग दुसरा, आणि उभी. आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले, पण ती आमच्याकडे बघतच नव्हती. पहिल्या होडीच्या पुढे गेली. दुसऱ्या होडीच्या पुढे गेली. तिचा पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत भिजलेला, पाठ सरळ, आणि वल्ह्याचा आवाजसुद्धा येत नव्हता.

"गेली की ग बया," मावशी म्हणाल्या.

आम्ही सगळे नंदूकडे बघायला लागलो. आता छातीवर हात जाणार, आता ओरडणार. त्याचा हात खिशातच राहिला.

"हेल्मेट नाही घातलं तिने," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी वैशालीचा स्वतःचा बोर्ड होता, तिने स्वतःच्या शिकवणीच्या पैशातून घेतलेला. सकाळी पाणी सपाट असायचं तेव्हा ती निघायची. वारा सुटायच्या आत परत यायची, कधी यायची नाही. परत आली की सांगायची: पाण्यावरून मलबार हिल कसं दिसतं, बगळा किती जवळून दिसला, वल्हं थांबवलं की होड्यांच्या तळाला पाणी कसं चाटत असतं. नंदू ते सगळं परदेशात जाऊन आलेल्या माणसाचं ऐकावं तसं ऐकायचा.

"एकटीच होतीस?"

"एकटीच."

मला वाटतं, कोणी बरोबर असतं तर त्याला सोपं गेलं असतं. माणसांवर जळायची त्याला सवय होती.

ताडपत्रीखालचा वाद मग दर रविवारचा झाला. केदार बोर्डाची बाजू घ्यायचा, नंदू विरोधात, आणि आधी जे हसत चालायचं त्याला धार यायला लागली. दरवाज्यावर उभं राहणं म्हणजे पोचा मारणं. ते म्हाताऱ्यांचं काम. ते ज्यांना वारा झेपत नाही त्यांचं काम. एकदा म्हणाला, ते फोटोवाल्यांचं काम, आणि वैशालीने कधी एक फोटोसुद्धा काढला नव्हता. त्या दिवशी केदारने माझ्याकडे बघून विषय बदलला. वाद दरवाज्याचा राहिला नाही हे वैशाली सोडून सगळ्यांना कळत होतं. पुढे समजलं, तिलाही कळत होतं.

छातीवर हात ठेवणं बंदच झालं. केसांवर नाही, डब्यांवर नाही, घारीवरही नाही. देवगडला फोन करायचा, बाबल्या सांगायचा वारो आसा, आणि हा नुसता "बरां" म्हणून ठेवायचा. असा गप्प नंदू मला बघवत नव्हता.

मग मार्चमधला तो रविवार. वारा लवकर सुटला, आणि असा सुटला की पाण्यावर पांढऱ्या रेघा उठल्या. सगळा हंगाम ज्याची वाट बघावी असा. नंदूने पट्टा बांधला, दोऱ्या पसरल्या, पतंग वाळूवर तयार. वैशाली होड्यांच्या पलीकडे, कुठेतरी लांब, वाऱ्याच्या आडोशाला. एक ठिपका.

"मी धरते," मी म्हटलं.

"नको."

"नंदू, वारा जाईल. दोऱ्या बघितल्यात मी."

"नको म्हटलं ना सेक्रेटरी. मी करतो."

एकट्याने सोडायची एक युक्ती असते: पतंगाची कड वाळूत रुतलेल्या जड वस्तूला बारीक दोरीने अडकवायची, आणि तो ताणला की झटक्याने सोडवायचा. ज्याने मला पहिल्याच दिवशी 'हे कधी करायचं नाही' म्हणून बजावलं होतं, त्यानेच वाळूवर ओढलेल्या होडीच्या कडीला ती दोरी बांधली. मी अजून 'नंदू, नको' म्हणतेय तोवर झोत आला. थांबून बघायला त्या टोकाला कोणी नव्हतं. पतंग सरळ वर न जाता आडवा सुटला, नंदूला वाळूवरून ओढत घेऊन गेला आणि पार्वतीमावशींच्या बोंबलांवर जाऊन आपटला. बांबू आडवे, दोऱ्या आडव्या, नंदू आडवा.

मावशींचा आवाज पलीकडच्या होड्यांपर्यंत गेला असणार. "अरे मेल्या पतंगवाल्या! आकाश कमी पडलं काय रे तुला? माझ्या मावऱ्यावरच बसायचं होतं?"

नंदू उठून बसला तेव्हा त्याच्या केसांत बोंबील होता आणि डावा हात उचलत नव्हता. केदारने माझ्या ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला. "दाताच्या डॉक्टरकडून एवढंच मिळतं," नंदू म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. मी म्हटलं, हॉस्पिटलला चल. तो म्हणाला, "आधी मावशींचं. वाळूत पडलेत, खराब होतील." मावशी त्याच्याकडे बघून थोड्या निवळल्या, तरी म्हणाल्या, "एक हात आहे ना? मग बस."

आम्ही बांबू उभे केले. बोंबील गोळा करून, खळबळून, परत टांगायला बसलो. तेवढ्यात वैशाली आली. बोर्ड वाळूवर ठेवला, नंदूला बघितलं, मोडलेला बांबू बघितला, होडीच्या कडीला लटकलेली दोरी बघितली. त्याच्या शेजारी येऊन बसली.

बोंबील एकेकटा टांगत नाहीत. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात, एक अलीकडे, एक पलीकडे. एका हाताने ते होत नाही. म्हणून नंदूने एक धरला आणि वैशालीने दुसरा. मी त्याच दोरीच्या मागच्या अंगाला होते. मधे बोंबलांचा पडदा होता एवढंच.

दोन-तीन जोड्या झाल्यावर नंदू म्हणाला, "वैशू, जळलो."

तिचे हात थांबले नाहीत. "कोणावर?"

"दरवाज्यावर."

"माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. हात खिशात होता तुझा."

"मग बोलायचं ना!"

"मी का बोलू? ज्याचं जळणं त्याने बोलायचं. नियम कोणाचा?"

एक जोडी दोरीवर गेली.

"काय आहे ग एवढं त्याच्यात? केदारने सांगून बघितलं, सेक्रेटरीने सांगितलं. मला नाही पटलं. तू सांग."

तिने पुढचा बोंबील उचलला. मग म्हणाली, "कोणी सोडावं लागत नाही."

"म्हणजे?"

"तू अंगठा दाखवणार, मी सोडणार. तू डोक्यावर हात ठेवणार, मी धरणार. मधल्या वेळात मी वर बघत उभी. मान दुखते रे नंदू. त्या बोर्डावर मी समोर बघते."

"मान दुखते? कधी बोलली नाहीस."

"आवडायचं पण मला. तुझा पतंग माझ्या हातातून जायचा ते आवडायचं. आणि मान दुखायची. दोन्ही."

नंदूने हातातल्या बोंबलाकडे बघितलं. "हे केदारने सांगायला हवं होतं. तो गाढव गाडीचं सांगत बसला, आणि ही सेक्रेटरी गुडघ्यांचं." त्याने तो बोंबील पुढे केला. "वैशू, आता तर जास्तच जळलो."

"जळ. आणि त्याचा जबडा नीट उघड, अडकत नाहीये."

पडद्याच्या अलीकडे मी माझ्या जोड्या लावत होते. मीही जळत होते, पण बोलले नाही; ती जागा नव्हती.

खांद्याचं दुखणं मोठं निघालं. आतला स्नायू फाटला होता. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, हात डोक्यापर्यंत जाऊ लागला, पण पतंगाची ओढ घेणं डॉक्टरांनी कायमचं बंद केलं. मला वाटलं आता नंदू यायचा नाही. तो पुढच्याच हंगामात हजर. "सोडायला येतो," म्हणाला.

सोडणारा म्हणून तो फार वाईट होता. पतंग कडेने धरायचा, मी अंगठा दाखवायचे, आणि हा सोडायचाच नाही. वैशाली थांबायची ती वाऱ्यासाठी. हा थांबायचा तो स्वतःसाठी.

"नंदू, सोड ना!"

"सोडतो ग. जरा हातात राहू दे."

"अरे वारा जातोय!"

"जळलो!" असं ओरडून मग हात उघडायचा. धरायला मात्र पहिला. आमचा हात डोक्यावर जायच्या आत पाण्यात उतरलेला असायचा. आणि दुसऱ्याच रविवारी संध्याकाळी वैशालीला म्हणाला, "वैशू, मान खरंच दुखते ग." तिने पर्समधून मलम काढून दिलं. तिच्या पर्समध्ये ते कायम असायचं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

ताडपत्रीखालचा वाद पुन्हा हसत सुरू झाला. नंदूने आपली बाजू सोडली नाही. दरवाजा तो दरवाजाच. फक्त एक कारण त्याने मागे घेतलं. "त्याच्यावर जळता येतं," त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. "तेव्हा खेळ आहे. माझा नाही, पण आहे."

नोकरी संपली तेव्हा दोघांनी देवगडला जायचं ठरवलं. बाबल्याच्या घराशेजारी नंदूची जुनी जागा होती, खाडी समोर. खाडी वैशालीसाठी. "आणि तुझ्यासाठी काय?" केदारने विचारलं.

"वारो," नंदू म्हणाला. "उडवता आलं नाही तरी जवळ तरी राहू. आणि आता रविवारी तुम्ही मला फोन करायचा, वारा आहे का म्हणून. मी सांगणार, आहे! आणि तुम्ही जळायचं."

पतंग त्याने कोणाला दिला नाही. मी विचारलंही होतं, अगदी सहज. घडी करून नेला. "दुसऱ्या कोणी उडवला तर रोज जळेन," म्हणाला. "रोज रोज कोण सांगत बसणार?"

आम्ही फोन करतो. वारा तिकडे असतो. आम्ही जळतो.

पण नंदू म्हटला की मला दिसतो तो जायच्या आधीचा रविवार. सकाळ होती, पाणी सपाट, फडकं काठीला चिकटलेलं. वैशाली त्याला बोर्डावर घेऊन गेली होती, पहिल्यांदाच. ती मागे उभी, वल्हं मारत. हा पुढे बसलेला, पाय दोन्ही बाजूंना पाण्यात सोडून, एक हात बोर्डावर ठेवलेला, आणि मधूनच त्या बोर्डावर दोन थापट्या मारत. मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, "आता बरा दिसतो. बसलेला."

मी वाळूवर सामान आवरत होते. पंप, पाण्याचे कॅन, पेटी. वर बघितलं तेव्हा ते होड्यांच्या अलीकडे आले होते, आणि नंदू स्वतःच्या डोक्यावर हात थोपटत होता. त्याच दुखऱ्या हाताने, हळू, पण नीट दिसेल असा.

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. केदार अजून आला नव्हता, मावशी ताडपत्रीखाली गेल्या होत्या, आणि वैशाली तर त्याच्याच बोर्डावर, त्याच्या पाठीशी. तो माझ्याकडेच बघत होता.

मी हातातला पंप टाकला आणि धावले. पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले, दोन्ही हात वर केले, पतंग धरायला करतात तसे, तळवे उघडे. आभाळात काही नव्हतं. वैशाली वल्हं मारत सावकाश येत होती. त्यांचा दरवाजा वाळूला टेकेपर्यंत मी हात खाली घेतले नाहीत.